हंगाम पाहून येणारे खोटे संदेश: ओळख, काळ आणि बचाव

पीएम किसानचा हप्ता जवळ आला, पीक विम्याची मुदत संपत आली किंवा अतिवृष्टीच्या मदतीची घोषणा झाली, की त्याच आठवड्यात मोबाईलवर दोन प्रकारचे संदेश येऊ लागतात. एक खऱ्या कार्यालयाचा आणि दुसरा चोराचा. दोन्हींत योजनेचे नाव तेच असते, रक्कम तीच असते आणि मुदतही तीच असते. म्हणूनच एरवी सावध असणारा माणूसही त्या आठवड्यात फसतो.

बोंडअळीचा पतंग कपाशीला पाते-फुले लागण्याच्या सुमारास येतो. आपल्याला तो काळ माहीत असतो, म्हणून आपण कामगंध सापळे आधीच लावतो. फसव्या संदेशांचेही असेच आहे. ते केव्हाही येत नाहीत. तुम्ही कशाची तरी वाट पाहत असता, तेव्हा येतात. वर्षभरात आपण कधी कशाची वाट पाहतो हे ठरलेले आहे, त्यामुळे फसवणुकीचा काळही बराचसा आधी सांगता येतो. या लेखात तो काळ, फसवणुकीची पद्धत आणि बचावाचे उपाय दिले आहेत.

चोर बातमीच्या मागे का येतो?

अनोळखी माणसाचे बोलणे आपण सहसा ऐकून घेत नाही. पण ज्या गोष्टीची आपण वाट पाहत आहोत, तिचे नाव घेऊन कोणी बोलला तर लगेच कान देतो. संदेश खरा वाटावा यासाठी लागणारी अर्धी मेहनत वर्तमानपत्रे आणि टीव्ही यांनी आधीच केलेली असते. चोराला फक्त शेवटी एक लिंक जोडायची असते.

ही युक्ती जुनी आहे आणि जगभर चालते. जानेवारी २००७ मध्ये युरोपात मोठे वादळ झाले. त्याच दिवसांत लाखो लोकांना वादळातील मृतांचा फुगवलेला आकडा सांगणारे ई-मेल गेले. पूर्ण बातमी वाचण्यासाठी सोबतची फाईल उघडा, असे त्यात होते. फाईल उघडली की संगणक चोरांच्या ताब्यात जाई. त्या वादळावरूनच या व्हायरसला ‘स्टॉर्म वर्म’ हे नाव पडले.

आपल्याकडे जून २०२० मध्ये, कोरोनाची पहिली लाट सुरू असताना, केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने असाच इशारा दिला होता. मुंबई, दिल्ली, हैदराबाद, चेन्नई आणि अहमदाबाद येथील रहिवाशांची कोविड चाचणी मोफत होणार, असे सांगणारे बनावट ई-मेल येणार असल्याचे त्यात म्हटले होते. पाठवणाऱ्याचा पत्ता सरकारी वाटावा असा बनवलेला असेल, हेही त्यात नमूद होते. चाचणीसाठी रांगा लागलेल्या त्या दिवसांत अशा ई-मेलवर विश्वास बसणे अगदी साहजिक होते.

मुलुंडचे वीजबिल आणि शेतपंपाचे वीजबिल

मुंबईच्या बऱ्याच भागाला अदानी, टाटा किंवा बेस्टची वीज मिळते. मुलुंड आणि भांडुप मात्र महावितरणकडे आहेत. म्हणजे मुलुंडच्या सदनिकेचे बिल आणि परभणीच्या शेतपंपाचे बिल एकाच कंपनीकडून येते. २०२२ मध्ये या दोन्ही ठिकाणच्या ग्राहकांना एकाच धाटणीचे खोटे संदेश येऊ लागले. मागील महिन्याचे बिल अद्ययावत नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा बंद होईल, ताबडतोब खालील क्रमांकावर अधिकाऱ्यांशी बोला, असा त्याचा आशय असे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोळशाच्या टंचाईमुळे राज्यात भारनियमनाची चर्चा घरोघरी होती. वीज जाण्याची धास्ती मनात असताना वीज तोडण्याचा संदेश आला की तो खोटा असेल अशी शंका येत नाही. दिलेल्या क्रमांकावर फोन केला की समोरचा माणूस अत्यंत नम्रपणे एखादे ॲप घ्यायला सांगे. ते ॲप दुरून दुसऱ्याचा फोन पाहण्याचे आणि चालवण्याचे असे. मग खात्री करण्यासाठी दहा रुपये भरा, असे तो सांगे. तुम्ही दहा रुपये भरताना टाकलेला पिन त्याला त्याच्या पडद्यावर दिसे आणि खाते रिकामे होई. महावितरणने तेव्हापासून वारंवार सांगितले आहे, की कंपनी वैयक्तिक मोबाईल क्रमांकावरून असे संदेश पाठवत नाही आणि कोणतेही ॲप घ्यायला सांगत नाही.

या संदेशात तीन गोष्टी एकत्र होत्या: ओळखीच्या कंपनीचे नाव, ताजी बातमी आणि काही तासांची मुदत. पुढे आलेल्या जवळजवळ प्रत्येक फसवणुकीत याच तीन गोष्टी दिसतात.

एपीके फाईल म्हणजे काय आणि ती काय करते?

सध्या सर्वांत जास्त नुकसान एपीके फाईलमुळे होते. ॲन्ड्रॉइड फोनवर ॲप बसवण्यासाठी जी फाईल लागते ती एपीके. प्ले स्टोअरवरून ॲप घेतले तर तिथे त्याची काही प्रमाणात तपासणी झालेली असते. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल मात्र कोणीच तपासलेली नसते. दुकानातून पक्क्या पावतीवर घेतलेले बियाणे आणि गाडीवर विनापावती मिळणारे पाकीट यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

अशी फाईल ‘पीएम किसान यादी’, ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलन’ अशा नावाने येते. ती उघडली की फोन आधी इशारा देतो: अनोळखी ठिकाणचे ॲप बसवायचे का? आपण ‘हो’ म्हणतो. मग ॲप परवानग्या मागते. यातली सर्वांत धोक्याची परवानगी एसएमएस वाचण्याची. ती दिली की बँकेकडून येणारा प्रत्येक ओटीपी चोराकडे जातो. काही ॲप नोटिफिकेशन वाचण्याची किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी घेतात. त्यामुळे पडद्यावर दिसणारे सर्व त्यांना वाचता येते आणि बटणेही दाबता येतात. काही ॲप स्वतःचे चिन्ह लपवतात, त्यामुळे काही घडलेच नाही असे वाटते.

पुढचा प्रकार जास्त त्रासाचा आहे. चोर तुमचे व्हॉट्सॲप ताब्यात घेतो आणि तीच फाईल तुमच्या नावाने तुमच्या सर्व गटांत पाठवतो. गावच्या गटात सरपंचांच्या किंवा कृषी सहायकांच्या क्रमांकावरून फाईल आली तर कोण शंका घेणार? एका झाडावरची कीड अशी सगळ्या शिवारात पसरते.

जुलै २०२४ मध्ये क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने बनावट ई-चलनाच्या अशाच एका ॲपचा छडा लावला. व्हिएतनाममधील टोळीने पसरवलेल्या त्या ॲपने भारतातील ४,४५१ फोन बाधित केले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. ते पीडीएफसारखे दिसत होते, प्रत्यक्षात एपीके होते. त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

वर्षाचे वेळापत्रक: कोणत्या काळात कशापासून जपावे?

पुढील वेळापत्रक घरात आणि ग्रामपंचायतीत लावून ठेवावे.

*एप्रिल ते मे.* आंबा विक्री, लग्नसराई, पीक कर्ज, बियाण्यांचे बुकिंग. ऑनलाइन निमंत्रणाच्या फाईल, कमी दरात बियाणे घरपोच देण्याच्या जाहिराती आणि कमी व्याजाच्या कर्जाचे फोन या काळात येतात.

*जून ते जुलै.* पेरणी आणि खरीप पीक विमा. विम्याची मुदत साधारणपणे ३१ जुलै असते आणि शेवटच्या दिवसांत सर्व्हर मंद चालतो. ‘तुमचा अर्ज अपूर्ण आहे’ असा संदेश याच दिवसांत येतो. विमा अर्ज सेवा केंद्रातून किंवा अधिकृत संकेतस्थळावरूनच करावा आणि पावती जपून ठेवावी.

*ऑगस्ट ते सप्टेंबर.* ई-पीक पाहणी. खऱ्या ॲपचीही नवी आवृत्ती घ्या असे सरकार वेळोवेळी सांगते, त्यामुळे नव्या आवृत्तीची बनावट फाईल सहज खपते. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावे, गटात आलेली फाईल वापरू नये.

*सप्टेंबर ते ऑक्टोबर.* अतिवृष्टीची मदत. सप्टेंबर २०२५ मधील पुरानंतर राज्य सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. एवढी मोठी घोषणा झाली की ‘यादीत नाव पाहा’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या लिंक फिरू लागतात. पीक वाहून गेलेल्या माणसाला ती लिंक उघडण्याची घाई असणारच. त्याला दोष देऊ नये. त्याच्या आधी आपण खरी माहिती पोहोचवावी.

*ऑक्टोबर ते नोव्हेंबर.* दिवाळी आणि शेतमाल खरेदी. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाने खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची केली. नवे ॲप सक्तीचे झाले की त्याच्या नावाने बनावट ॲप येऊ शकते, हे गृहीत धरावे. दिवाळीत भेटकार्डे आणि बक्षिसांच्या लिंक येतात.

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी.* तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, त्याबरोबर पत्रिकेच्या फाईलही. रब्बी विम्याच्या मुदतीही याच काळात येतात.

*मार्च.* आर्थिक वर्षाची अखेर. कर्ज नूतनीकरण, केवायसी आणि खाते बंद होण्याच्या धमक्या. कर्जमाफीची चर्चा सुरू असेल तर तिच्या अर्जाचे बनावट दुवेही येतात.

पीएम किसानचा काळ मात्र वर्षभर फिरता आहे. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. १८वा हप्ता ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथील कार्यक्रमातून सोडला गेला, १९वा २४ फेब्रुवारी २०२५ रोजी, २०वा २ ऑगस्ट २०२५ रोजी आणि २१वा १९ नोव्हेंबर २०२५ रोजी. २०व्या हप्त्याची वाट बरेच शेतकरी जूनपासून पाहत होते. घोषणा आणि पैसे यांत जेवढे जास्त दिवस जातात, तेवढे चोराला जास्त दिवस मिळतात. ‘ई-केवायसी राहिल्याने हप्ता अडला’ हा संदेश या मधल्या काळातच येतो. योजनेत ई-केवायसी खरोखर लागते आणि योजनेचे खरे ॲपही आहे, म्हणून खोटे ॲप पटते.

सौर कृषी पंपाचेही तसेच आहे. बनावट नोंदणी संकेतस्थळांबाबत केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अनेकदा सावध केले आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. पैसे खरोखर भरायचे असतात, म्हणून कोणी ‘हिस्सा भरा’ म्हटले की संशय येत नाही. हिस्सा महावितरणच्या अधिकृत पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकूनच भरावा. कोणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा क्यूआर कोडवर भरू नये.

थेट विक्री करणाऱ्यांनी काय जपावे?

एप्रिल-मे मध्ये कोकणातील अनेक बागायतदार मुलुंड, ठाणे, बोरिवलीच्या सोसायट्यांत हापूसच्या पेट्या थेट देतात. भाजी, कांदा आणि द्राक्षे विकणारे गटही आपला मोबाईल क्रमांक जाहिरातीत देतात. हा क्रमांक चोरांनाही दिसतो.

त्यांची पद्धत अशी. मोठी ऑर्डर येते. मागणारा स्वतःला सैन्यातील किंवा केंद्रीय सुरक्षा दलातील अधिकारी म्हणवतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि भावात घासाघीस करत नाही. ‘आमच्याकडे पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे, मी कोड पाठवतो तो स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील’ असे म्हणतो. आधी पाच रुपये पाठवून विश्वासही मिळवतो. तुम्ही कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात.

एकच नियम पाठ करावा: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, स्कॅन करावे लागत नाही. पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो. मालाचे दिवस मोजके, माल नाशवंत, ग्राहक मोठा. या घाईचाच तो फायदा घेतो. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट पाहून माल सोडू नये. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात जमा दिसल्यावरच सोडावा.

हेच उलट बाजूनेही खरे आहे. मुलुंडमध्ये बसून समाजमाध्यमावरील जाहिरातीतून ‘थेट बागेतून देवगड हापूस’ मागवणाऱ्या ग्राहकाची आगाऊ रक्कम घेऊन खोटे विक्रेते गायब होतात. त्यात ग्राहकाचे पैसे जातात आणि खऱ्या बागायतदाराचे नाव खराब होते. आपल्या पेटीवर नाव, गाव आणि संपर्क स्पष्ट लिहावा. जुन्या ग्राहकांना हंगामापूर्वीच आपला एकच क्रमांक कळवावा.

जमीन गावी, मोबाईल मुंबईत

मुलुंड-भांडुप भागात सातारा, सांगली, रत्नागिरी, जुन्नरकडची अनेक कुटुंबे राहतात. सातबारा गावी राहणाऱ्या वडिलांच्या नावावर असतो, पण बँकेला किंवा योजनेला दिलेला मोबाईल क्रमांक मुंबईतल्या मुलाचा किंवा मुलीचा असतो. त्यामुळे ओटीपी मुंबईत येतो आणि काम गावी सुरू असते. ‘बाबा, आलेला नंबर सांगतो, लिहून घ्या’ ही रोजची सवय होते.

चोर या सवयीतून आत शिरतो. तो वडिलांना फोन करून म्हणतो, ‘तुमच्या मुलाच्या फोनवर नंबर आला असेल, तो विचारून सांगा.’ वडील विचारतात, मुलगा सांगतो, कारण विचारणारे वडील खरेच असतात. दोघांपैकी कोणीही अनोळखी माणसाला थेट ओटीपी दिलेला नसतो, तरी पैसे जातात.

अशा कुटुंबांनी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात.

१. ओटीपी सांगण्यापूर्वी संपूर्ण संदेश वाचावा. कोणत्या कामाचा आहे आणि रक्कम किती आहे हे त्यातच लिहिलेले असते. संदेशात पैसे खात्यातून जाण्याचा उल्लेख असेल तर तो कोणालाही सांगू नये, घरच्यांनाही नाही.

२. ‘समोर कोण बसले आहे?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. सेवा केंद्रात किंवा बँकेत प्रत्यक्ष बसले असतील तरच पुढे जावे. फोनवर कोणी मागत असेल तर थांबावे.

३. अनुदानाचे पैसे येणारे खाते वेगळे ठेवावे, त्यात गरजेपुरतीच रक्कम असावी आणि ते खाते यूपीआयला जोडू नये. ऊसबिल, कांद्याचे पैसे, पीक कर्ज ज्या खात्यात येते, त्या खात्याच्या व्यवहारावर दिवसाची मर्यादा घालून घ्यावी. बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत ही सोय मिळते.

संस्थांनाही हंगाम पाहून गाठले जाते

शेतकरी उत्पादक कंपनी, विकास सोसायटी, पतसंस्था, साखर कारखाना किंवा बाजार समितीत काम करणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात मका-सोयाबीनची काढणी सुरू होण्याच्या वेळी ‘न्यू कोऑपरेटिव्ह’ या धान्य सहकारी संस्थेचे संगणक चोरांनी कुलूपबंद केले आणि ५९ लाख डॉलर मागितले. २० एप्रिल २०२२ रोजी तेथील तपास यंत्रणा एफबीआयने सूचना काढली, की २०२१ च्या काढणीच्या काळात सहा धान्य सहकारी संस्थांवर असे हल्ले झाले. २०२२ च्या सुरुवातीला आणखी दोन हल्ले झाले, ज्यांचा फटका पेरणीच्या बियाणे-खत पुरवठ्याला बसू शकत होता. काढणी थांबवता येत नाही, म्हणून संस्था लवकर पैसे देईल, हा त्यामागचा हिशेब.

सुट्टी हाही चोरांचा हंगामच असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये वळवले गेले. चोरांनी गुरुवारची रात्र निवडली होती. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी न्यूयॉर्क बंद आणि सोमवारी चिनी नववर्षामुळे मनिला बंद. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत ११ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे दुसऱ्या शनिवारी, मालवेअरच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपये.

आपल्या संस्थेत पुढील कामे गाळप, खरेदी किंवा कर्जवाटपाचा हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी करावीत.

- सभासद यादी, येणी-देणी आणि वजनकाट्याच्या नोंदींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. प्रत घेतल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडून ठेवलेली प्रतही कुलूपबंद होते.
- संगणकातील प्रणाली अद्ययावत करावी. कामावरून गेलेल्या कर्मचाऱ्यांचे पासवर्ड बंद करावेत.
- बँकेचा व्यवहार दोन व्यक्तींच्या मंजुरीनेच व्हावा.
- पुरवठादाराने ‘आमचा खाते क्रमांक बदलला’ असे ई-मेलने कळवले, तर जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.
- दिवाळी, गणपती आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत कोणी लक्ष ठेवायचे ते नावानिशी ठरवावे.

खरा संदेश ओळखण्याच्या खुणा

- पत्ता शेवटाकडून वाचावा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता, पहिल्या तिरक्या रेषेच्या आधी, ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा संपतो. मधे कुठेतरी ‘जीओव्ही’ असणे पुरेसे नाही. ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत बँकांनी आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यावेत, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. महावितरणसारख्या काही खऱ्या संस्थांचे पत्ते वेगळे आहेत. ते बिलावर छापलेले असतात, तेथून पाहावेत.
- एसएमएस पाठवणाऱ्याचे नाव पाहावे. आता नोंदणीकृत नावांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. सरकारी संदेशाला ‘जी’ असते. साध्या दहा आकडी क्रमांकावरून आलेला ‘सरकारी’ संदेश खोटा समजावा.
- सरकारी योजनेची एपीके फाईल व्हॉट्सॲपवर येत नाही. ओळखीच्या माणसाने पाठवली तरी उघडू नये. त्याला फोन करून विचारावे. बरेचदा त्याला काहीच माहीत नसते.
- लिंक उघडू नये, स्वतः जावे. संदेश खरा असेल तर तेच काम सेवा केंद्रात, बँकेत किंवा अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊनही होते. संदेश खोटा असेल तर ते फक्त त्या लिंकवरच होते.
- घाई हे मुख्य लक्षण. ‘आज रात्री’, ‘शेवटचे दोन तास’ असे शब्द दिसले की काम एक दिवस पुढे ढकलावे. खऱ्या योजनेची मुदत वर्तमानपत्रात येते.

फाईल उघडली गेली असेल तर

लाज वाटून गप्प बसू नये. पहिला तास फार महत्त्वाचा असतो, कारण चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत असतो आणि लवकर कळवले तर मधल्या खात्यात ते गोठवता येतात.

१. फोन लगेच विमान मोडवर टाकावा. वायफायही बंद आहे का ते पाहावे.

२. दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर आणि बँकेला फोन करावा. कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करायला सांगावे. तक्रार क्रमांक लिहून घ्यावा.

३. आलेला संदेश, फाईल आणि व्यवहाराचे एसएमएस पुसू नयेत. दुसऱ्या फोनने त्यांचे फोटो काढावेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

४. तुमच्या गटांना दुसऱ्या फोनवरून कळवावे, की तुमच्या क्रमांकावरून आलेली फाईल उघडू नका.

५. तक्रारीनंतर ते ॲप काढावे. निघत नसेल तर फोटो व कागदपत्रे बाजूला घेऊन जाणकाराकडून फोन पूर्ण रीसेट करून घ्यावा. कॉल दुसरीकडे वळवले गेले असल्यास ##००२# डायल केल्यावर ते रद्द होतात.

६. पासवर्ड आणि पिन दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदलावेत.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, ग्राहकाच्या चुकीने ओटीपी किंवा पिन बाहेर गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाला सोसावे लागते, मात्र कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे. दोघांचीही चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. म्हणून ‘उद्या शाखेत जाऊन सांगू’ असे करू नये.

कृषी सहायक आणि गटप्रमुखांसाठी

गावात तुमच्या शब्दाला किंमत आहे आणि तुमच्या क्रमांकावरून गेलेला संदेश लोक डोळे झाकून उघडतात. म्हणून गटात कधीही एपीके फाईल पाठवू नये, खरी असली तरी. प्ले स्टोअरवरील ॲपचे नाव सांगावे. योजनेची माहिती देताना लिंकऐवजी ‘कुठे जायचे, कोणते कागद न्यायचे, शेवटची तारीख कोणती’ हे लिहावे. गटात कोणालाही फाईल टाकता येऊ नये यासाठी फक्त प्रमुखांना संदेश पाठवता येईल अशी सेटिंग ठेवावी.

हप्ता, विमा किंवा मदतीची घोषणा होताच त्याच दिवशी एक छोटा इशारा पाठवावा: ‘घोषणा खरी आहे. यासाठी कोणतेही ॲप घ्यावे लागत नाही. लिंक आली तर उघडू नका, मला विचारा.’ चोराच्या संदेशाआधी तुमचा संदेश पोहोचला, तर त्याचे निम्मे काम तिथेच फसते. खरीप मेळाव्यात आणि शेतीशाळेत बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाशेजारी दहा मिनिटे याला द्यावीत. लोकांचे फोन हातात घेऊन ‘अनोळखी ॲप बसवण्याची’ परवानगी बंद करून द्यावी. स्मार्टफोन नव्याने घेतलेल्या ज्येष्ठांकडे आणि स्वतःच्या खात्यात अनुदान येणाऱ्या महिलांकडे आधी जावे.

शेतीविषयक शंकांसाठी किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ आणि पीक विम्यासाठी १४४४७ हे क्रमांक वापरावेत. संशयास्पद फोन किंवा संदेश संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेत नोंदवता येतात. पैसे गेले असतील तर मात्र थेट १९३०. हा क्रमांक आजच घरातील प्रत्येक फोनमध्ये जतन करावा आणि फोन बंद असला तरी सापडावा म्हणून भिंतीवरही लिहून ठेवावा.